नाच बंद, आवाज चालू

बिरुदेवानं ठेका सोडला ही बातमी गल्लीभर व्हायला एक दुपार पुरली. संध्याकाळपर्यंत उपाय सांगणारी माणसं दारात उभी राहिली. एखाद्यानं दारू सोडली तर लोकांना कळतं, तंबाखू सोडली तरी कळतं. पण डीजेवाल्यानं ठेका सोडला म्हणजे नेमकं काय सोडलं, हे कुणाच्या ध्यानात येईना. न्हाव्यानं वस्तरा टाकून द्यावा आणि दुकान मात्र उघडं ठेवावं, तशातली गत.

'बिरुदेव साउंड' हे नाव सोलापुरात लहान नव्हतं. त्याच्या स्पीकरच्या पेटाऱ्यांची भिंत गाडीवर उभी राहिली की रस्त्याकडेच्या दुकानांच्या काचा थरथरायच्या. जन्मात कधी हसले नाहीत असले हेडमास्तर वरातीत कंबर हलवायचे. बिरुदेवाच्या बापजाद्यांनी मेंढरं हाकली आणि तो वऱ्हाड हाकायचा. दोन्हीत फार फरक नाही असं त्याची आई केराबाई म्हणायची, फक्त मेंढरं दमली की बसतात.

घडलं ते मोहोळला. वरात ऐन रंगात आली आणि लॅपटॉपनं मान टाकली. गाणं गेलं, ठेका गेला आणि सगळ्या पेटाऱ्यांतून एकच लांबलचक घूंऽऽऽ निघायला लागलं. नाचणारे वर केलेले हात तसेच धरून थांबले. नवरदेवाचा मामा शिव्या द्यायला पुढं सरसावला. पण नवरदेवाचं घोडं, जे मांडव सोडल्यापासून बिथरत होतं, ते कान टवकारून गपगार उभं राहिलं. बिरुदेवाचीही तीच दशा झाली. तो आवाज मधेच जाड व्हायचा, मधेच बारीक. त्याच्या पोटात आणखी एक आवाज होता आणि त्याच्याही पोटात आणखी एक. इतकी वर्षं हे पेटारे आपल्याला काहीतरी सांगू बघत होते आणि आपण त्यांच्या तोंडात गाणी कोंबत राहिलो, असं त्याला वाटून गेलं. मामानं त्याची गचांडी धरली तरी तो ऐकतच होता.

घरी येऊन त्यानं जाहीर केलं की आता नाचाची गाणी बंद, आता नुसता आवाज.

त्याची बायको प्रियंका भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आन् इतकी वर्षं काय वाजवत हुता, शांतता?"

त्या दिवसापासून बिरुदेव मोबाईल पुढं धरून आवाज गोळा करत हिंडू लागला. चादरीच्या कारखान्यातले माग, पिठाची गिरणी, एसटीचं करकरणारं दार, देवळामागचा पिंपळ, जे कानावर येईल ते तो भरून घ्यायचा. घरी येऊन ते आवाज ताणायचा, उलटे करायचा, एकावर एक रचायचा. एकदा त्यानं स्वयंपाकघरातला मिक्सर रिकामा फिरवून त्याचा आवाज भरून घेतला. मिक्सर दमत गेला तसा आवाज खोल खोल होत गेला आणि शेवटी धूर आला. बिरुदेवाला तो शेवट फार आवडला. प्रियंकाला पुढं बरेच दिवस शेंगाचटणी उखळात कुटावी लागली. चटणी पहिल्यापेक्षा झकास झाली, पण हे तिला सांगायची छाती कुणाची झाली नाही.

आता शेजाऱ्यांचं. आपल्याकडं माणूस आजारी पडला तर औषध वेळेवर मिळेल न मिळेल, सल्ला मात्र दारात येतो. कुणी म्हणालं, अक्कलकोटला नेऊन नारळ ठेवा. कुणी म्हणालं, दृष्ट काढा. समोरच्या घरातले वेणीमाधवकाका जिल्हा परिषदेत कारकून होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्यातली जिल्हा परिषद निवृत्त झाली नव्हती. ते म्हणाले, कानाच्या डॉक्टरकडं जा, पण आधी रीतसर केसपेपर काढा. वायरमन धोंडप्पा मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा. त्याचं निदान सरळ होतं. पोरगा ठीक आहे, घराचं अर्थिंग खराब आहे.

बिरुदेवाला राग यायचा तो याचाच. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या, पण सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते.

पहिला प्रयोग त्यानं एका हळदीत केला. नवरीला हळद लागत असताना बिरुदेवानं माग आणि गिरणी एकत्र सोडली. जरा वेळानं नवरीची आत्या हळदीच्या हातानं धावत गेली आणि तिनं घराचा मेन स्विच पाडला. शॉर्टसर्किटच झालं असं धरून धोंडप्पाला बोलावणं गेलं. त्यानं टेस्टर लावून पेटारे तपासले आणि चार माणसांत सांगितलं की फॉल्ट मशीनमध्ये नाही. मग तो बिरुदेवाकडं नुसता बघत राहिला. त्या रात्री बिरुदेव जेवला नाही. माणसाची कला वाईट म्हटली तर चालतं, पण तिला टेस्टर लावू नये.

पुढं बोलावणी आटली आणि पेटाऱ्यांवर धूळ बसायला लागली. ही वार्ता मोडनिंबला पोचली. तिथं प्रियंकाचा थोरला भाऊ इंद्रजीत याचं खताचं आणि पंपांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं भलं करायची त्याला भारी घाई. तो आला, चहा प्यायला आणि म्हणाला की दाजींनी पेटारे विकून टाकावेत आणि मोडनिंबला येऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसावं. गिऱ्हाईक तर त्यानं आधीच बघून ठेवलं होतं.

बिरुदेवानं प्रियंकाकडं बघितलं. प्रियंका चहाचे कप गोळा करत राहिली. तिनं त्याला नाचवणारा म्हणून बघितलं होतं आणि या खुळात गुंगलेलाही बघितलं होतं. दुसरा चेहरा तिला जास्त आवडायचा, पण चेहऱ्यावर घर चालत नाही.

शेवटी ती म्हणाली, "एक कार्यक्रम करा. गल्लीसमोर करा. माणसं शेवटपतूर बसली तर दादा परत हे बोलणार न्हाय, आन् मीबी न्हाय. उठून गेली, तर मी सोता पेटारे पुसून गिऱ्हाईकाला दीन."

पण ती घर चालवणारी बाई, अटीत फट कशी ठेवील? तिनं पुढं घातलं की जेवण ठेवायचं नाही, कारण जेवणासाठी माणसं काहीही ऐकतात. सत्कार ठेवायचा नाही, कारण ज्याला नारळ मिळायचा असतो तो हलत नाही. आणि केराबाईला मोजायचं नाही, कारण ती आई आहे. बिरुदेवाला सगळं कबूल करावं लागलं. आयुष्यभर गोळा केलेले पेटारे पणाला लागले होते.

मग परवानगी. स्पीकर लावायचा तर पोलिसांचा कागद पाहिजे. चौकीतल्या बाबूनं विचारलं, लग्न का? नाही. धार्मिक? नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस? तोही नाही. बाबू काळजीत पडला. मग सांस्कृतिक म्हणा आणि गाण्यांची नावं सांगा, असं तो म्हणाला. बिरुदेवानं सांगितलं की गाणी नाहीत, नुसता आवाज ऐकवायचा आहे. बाबूनं पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की परवानगी गाण्याला मिळते. त्या गाण्याचा पुढं आवाज होतो तो भाग वेगळा. पण उघड उघड आवाजाला परवानगी दिली तर उद्या लोक काय काय मागतील!

हेलपाटे घालून बिरुदेवाच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा वेणीमाधवकाका पुढं झाले. त्यांनी एका बैठकीत अर्ज लिहिला. विषय, ध्वनिप्रदूषणाबाबत जनजागृतीपर कार्यक्रम. त्यांचं म्हणणं, जनजागृती हा शब्द घातला की सरकारी टेबल आपोआप वितळतं. झालंही तसंच. परवानगी हसत मिळाली, वर साहेबांनी शाबासकी म्हणून आवाज मोजायच्या यंत्रासकट एक हवालदार पाठवायचं कबूल केलं. अशा रीतीनं शहरात आवाज कमी व्हावा म्हणून बिरुदेवाला आवाज करायची मुभा मिळाली.

कार्यक्रम गल्लीच्या खालच्या अंगाच्या मोकळ्या पटांगणात, दिवस कलायच्या वेळी ठरला. उन्हाळा कडक होता. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी येईल याचा नेम नाही. घरात बसून भिंती तापलेल्या बघण्यापेक्षा खुर्चीवर वारा खावा म्हणून सगळी गल्ली आली. विणकरांच्या घरच्या बायका तेलुगूत गप्पा मारत आल्या. हवालदार यंत्र मांडीवर घेऊन बसला. धोंडप्पा खबरदारी म्हणून टेस्टर खिशात घालून आला. केराबाई घोंगडी टाकून सगळ्यांच्या पुढं बसली. मागच्या रांगेत पांढऱ्या शर्टात इंद्रजीत, शेजारी प्रियंका. वेणीमाधवकाकांनी प्रस्तावना केली. तीत आवाजाविरुद्ध बरंच होतं.

बिरुदेवानं पहिली कळ वर केली. घूंऽऽऽ सुरू झालं.

कुणी उठलं नाही. त्यावर माग चढला, गिरणी चढली, पिंपळ सळसळला, तरी कुणी उठलं नाही. बिरुदेवाची छाती फुगायला लागली. खरी गोष्ट अशी होती की सगळ्यांना वाटत होतं, अजून माइकचं चेकिंग चाललं आहे. आपल्याकडचा माणूस कार्यक्रम सुरू व्हायची वाट इतक्या निष्ठेनं बघतो की कधी कधी कार्यक्रम संपला तरी त्याची वाट बघणं संपत नाही. हवालदारानंही यंत्र चालू केलं नव्हतं. खऱ्या आवाजासाठी त्याला सेल वाचवायचे होते.

मेंढरांचा आवाज आला तेव्हा मात्र जरा हालचाल झाली. बिरुदेवानं तो इतका ताणला होता की एकेक बेंबें डोंगराएवढं झालं होतं. केराबाईनं डोळे मिटले आणि कळप वळवायची हाळी घातली, हुर्र्र्र हो हो. ती हाळी त्या आवाजात अशी बसली की बिरुदेवाच्या अंगावर काटा आला. लोकांनी आधी हसून घेतलं, मग गप्प झाले.

आता एकच तुकडा उरला होता, त्याचा सगळ्यात लाडका. त्यासाठी तो कितीदा मोरीत मोबाईल धरून बसला होता. तो तुकडा म्हणजे नळाला पाणी यायच्या आधी येणारी हवा. आधी बारीक सूंऽऽऽ, मग शिट्टी, मग पाइपातल्या पाइपात खोकला. या गावात याहून गोड सूर नाही, असं त्याचं मत होतं. मत बरोबरच होतं. चूक एवढीच की हे मत एकट्या आपलंच आहे, असं तो धरून चालला होता.

सगळ्या पेटाऱ्यांतून सूंऽऽऽ आलं.

तिसऱ्या रांगेतली एक बाई ताठ झाली. शिट्टी आली तशा चार खुर्च्या मागं सरकल्या. पाइप खोकला आणि पुढं काय झालं ते बिरुदेवाला नीट दिसलंसुद्धा नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. पाणी आलं की सांगत बसायचं नसतं, आधी पळायचं असतं. चपला राहिल्या, एका खुर्चीवर चष्मा राहिला. वेणीमाधवकाका हातातल्या माइकसकट पळाले आणि वायर ताणल्यावर माइक सोडून पळाले. हवालदाराची खोली दोन गल्ल्या सोडून होती. तो यंत्र खुर्चीवर ठेवून पळाला. आणि सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, अट घालणारी प्रियंका होती.

पटांगणात तिघं उरली. बिरुदेव, केराबाई आणि इंद्रजीत, ज्याच्या घरी मोडनिंबला बोअर होतं.

इंद्रजीतनं घसा साफ केला. "दाजी, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारपासनं या दुकानात."

बिरुदेवानं रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं. हात कळीवर होता, खाली ओढली की सुटका. पण तुकडा अजून संपला नव्हता.

"संपवून येतो की," तो म्हणाला. "अर्ध्यात तर वरातबी सोडली न्हाय कदी."

केराबाई म्हणाली, "वाजव लेका. मी हाय."

तिला मोजायचं नव्हतं, तरी त्याला बरं वाटलं.

इकडं घराघरांत नळ पूर्ण सोडले गेले, पाइप जोडले गेले, मोटारी घरघरल्या आणि कोरड्याच बंद कराव्या लागल्या. थेंब नाही. माणसं एकमेकांना विचारत दारात आली. आणि मग कुणाला तरी आठवलं की तो आवाज पटांगणातूनच आला होता. नळ बंद करायचंही भान न राहता सगळी गल्ली परत खाली उतरली. हातात हंडे, बादल्या, घागरी, तोंडात बिरुदेवाच्या खानदानाचा उद्धार. धोंडप्पा सगळ्यात पुढं, बादली उगारून.

गल्ली पटांगणाच्या तोंडाशी आली तेव्हा तुकड्यातली हवा संपून पाणी सुरू झालं होतं. आधी रिकाम्या पितळी हंड्याच्या बुडावर पडणारी पहिली धार, टणक. मग बूड झाकलं आणि आवाज मऊ झाला. मग हंडा भरत चालला तसा आवाज वर वर चढत गेला, भरल्या गळ्यानं कुणी गावं तसा. सगळ्या पेटाऱ्यांतून, अख्ख्या पटांगणात, तापल्या जमिनीवर पाणी पडत होतं आणि एक थेंब पडत नव्हता.

धोंडप्पाची बादली हळूहळू खाली आली. रिकामी भांडी काखेत घेऊन, कोरड्या घशानं सगळी उभी राहिली. मग एक बाई बादली पालथी घालून तिच्यावर बसली. बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या धरल्या. हंडा काठोकाठ भरला, सांडला, सांडत राहिला आणि आवाज बारीक होत मिटला.

इंद्रजीत उठला. अट म्हणजे अट, माणसं उठून गेली होती, असं त्यानं शांतपणे मांडलं. वेणीमाधवकाकांनी आपला घाम पुसला आणि तितक्याच शांतपणे निकाल दिला की ते मध्यंतर होतं. प्रेक्षक मध्यंतरात घरी जाऊन आले तर त्यांना उठून गेले म्हणता येत नाही. इंद्रजीत म्हणाला, तसं आधी कुठं ठरलं होतं? दोघांची जुंपणार, एवढ्यात धोंडप्पा मधे पडला.

"बिरू," तो म्हणाला, "मत्तोम्मे. पुन्ना एकदा लाव की, पयल्यापासनं. हवेपासनं."

मागून बायकांनीही तेच म्हटलं. एका म्हाताऱ्या विणकरानं खुर्ची पुढं ओढली. गचांडी धरणारे मामा बिरुदेवानं पाहिले होते, नुसत्या आवाजाला वन्स मोअर मात्र तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं प्रियंकाकडं बघितलं. काखेतली घागर तिनं पायाशी ठेवली आणि पुढच्या रांगेत, सासूशेजारी जाऊन बसली.

पुन्हा सूंऽऽऽ आलं. सगळ्यांच्या पायांना पळायची ओढ लागली, हे स्पष्ट दिसत होतं. पण लोकांनी खुर्च्यांचे हात धरून ठेवले आणि एकमेकांकडं बघून हसले. शिट्टी आली. पाइप खोकला. धोंडप्पानं वाहवा दिली. परत आलेल्या हवालदारानं यंत्र उचलून बघितलं आणि चालू न करताच खिशात टाकलं.

आणि त्याच वेळी वरच्या अंगाला पाणी सोडणाऱ्या माणसानं, ज्याला या कशाचाही पत्ता नव्हता, आपल्या सवडीनं चावी फिरवली.

घराघरांत उघडे राहिलेले नळ सूं करून उठले, खोकले आणि धो धो सुटले. ऐकलं सगळ्यांनी. पण आता कुणी फसणार नव्हतं. हंड्याच्या बुडावर धार पडली ती पेटाऱ्यातली, वरच्या घरांत पडली ती नळातली, आणि दोन्ही मिळून काय आवाज झाला म्हणता! बिरुदेव चकित झाला. हे इतकं भरदार आपण कधी रचलं होतं, हे त्याला आठवेना.

प्रियंकाच्या पायाला गार लागलं. तिनं खाली बघितलं. उतारानं गल्लीतून आलेलं पाणी तिच्या जोडव्यांना वेढून पुढं चाललं होतं. तिला एका क्षणात सगळं कळलं. घरचा नळ सताड उघडा, चार दिवसांचं पाणी रस्त्यावर, आणि घागर रिकामी. या गावातल्या बाईला याहून अवघड क्षण नाही. ती अर्धी उठली.

समोर बिरुदेव होता. डोळे मिटलेले, हात कळीवर, चेहरा मोहोळच्या त्या घोड्यासारखा शांत.

प्रियंका परत बसली. शेजारणीनं पाण्याकडं बोट दाखवून तोंड उघडलं, तर प्रियंकानं तिचं मनगट धरून तिलाही खाली बसवलं. हंडा भरला. सांडला. पाणी खुर्च्यांच्या पायांतून वाहत गेलं आणि अख्खी गल्ली पाण्यात पाय सोडून, हूं का चूं न करता बसून राहिली.

बिरुदेवानं शेवटची कळ खाली आणली. पेटारे गप्प झाले. पाणी मात्र वाजतच होतं.

मग पळापळ झाली ती सांगायला नको. पण त्याआधी प्रियंका उठली, वळली आणि गुडघ्यापर्यंत पँट वर धरून उभ्या असलेल्या आपल्या भावाच्या हातात तिनं घागर दिली.

"दादा, शेवटपतूर बसली माणसं," ती म्हणाली. "पळ आता. आपला नळ डाव्या हाताला हाय."